सगळ्यात वर जाऊबाई

कुमुदताईंनी मोबाइल ओट्यावर असा आपटला, की कुकरनेही घाबरून शिट्टी दिली.

"पुन्हा तीच पहिली! कारल्याच्या लोणच्याची कृती माझी, आणि जगात नाव धाकट्या जाऊचं!"

महिनाभर हेच चाललं होतं. दिवसातून चाळीसदा त्या नेटवर लोणचं शोधत, जाऊबाईंचं पान उघडत, तिथल्या हसऱ्या फोटोला शिव्या घालत आणि ते अजून वरच आहे का, हे बघायला पुन्हा शोधत.

लेकीने स्वतःच्या मोबाइलवर शोधलं. जाऊबाई थेट निकालांच्या नवव्या पानावर निघाल्या.

"आई, तू सारखी तिथेच जातेस, म्हणून मोबाइलला वाटतं, काकू तुला फार आवडते. तुझ्यापुरतंच वर दाखवतो तो तिला."

"मला? आवडते?" कुमुदताई लालबुंद झाल्या. "सांग त्या मेल्याला, मी तिचं तोंडसुद्धा बघत नाही!"

लेकीने जाऊबाईंचं पान तळापर्यंत सरकवून आईपुढे धरलं. तिथे लिहिलं होतं, 'रोज तब्बल चाळीस वाचक! तुमचं प्रेम असंच राहू द्या.'

कुमुदताईंनी दातओठ खात ते वाचलं. मग बाईने खरंच असं लिहिलंय का, याची खात्री करायला स्वतःचा मोबाइल उचलला आणि पुन्हा लोणचं शोधलं.