धुळीची वर्दी

नामिबच्या वाळवंटात फाटा येताच गेर्सननं हमरस्ता सोडून गाडी कच्च्या रस्त्याला घातली, तशी त्याची बायको लाहिया वैतागली. “टेकड्या सुंदर आहेत, कबूल. पण सासूला पहिल्यांदाच हे धुळकट तोंड दाखवू?” गेर्सन हसला. “डांबरावरून गेलो तर एकदम दारात टपकू. न सांगता लग्न केलं म्हणून आई वर्षभर बोललेली नाही. ही धूळ तिला लांबून दिसेल. आपण पोचेपर्यंत ती चिडेलही आणि निवळेलही.” “पण आपणच येतोय हे तिला कसं कळणार?” उत्तरादाखल त्यानं वेग वाढवला. मागे धुळीचा डोंगर उठला. घरी पोचले तेव्हा आई गरम किटली घेऊन दारात उभी होती. मुलाकडे तिनं पाहिलंही नाही. सुनेच्या हाती वाफाळता कप देत म्हणाली, “एवढी धूळ उडवणारं गाढव मुलखात एकच. सांग त्याला, चहा निवतोय.”