तिसरं बटण

माझी इलेक्ट्रिक गिटार काकांनी स्वतःच्या हाताने घडवलेली. एका खोलीचं वर्कशॉप, मदतीला कोणी नाही, वर्षाकाठी जेमतेम चार गिटारी. तिच्यावरच्या तिसऱ्या बटणावर माझा भारी जीव. ते फिरवून सातवर ठेवलं की आवाजात जी ऊब येते ती सहावर येत नाही, हे मी नऊ वर्षं भेटेल त्याला ऐकवतोय. मागच्या महिन्यात तर नुसत्या त्या बटणावर दोन तासांचं शिबिर घेतलं. लोकांनी वह्या भरभरून लिहून घेतलं.

परवा ते बटण निखळून पडलं आणि आवाजातला प्राणच गेला. मी धावतपळत काकांचं वर्कशॉप गाठलं. त्यांनी गिटार पालथी केली, मागचं झाकण उघडलं. दोन बटणांना वायरी होत्या. तिसऱ्याला एकही नव्हती.

"तुटली वाटतं," मी म्हणालो.

"नव्हतीच कधी," काका म्हणाले. "पहिल्यांदा आलास तेव्हा दर दोन मिनिटांनी वाजवणं सोडून बटणं पिळत बसत होतास. म्हटलं, याच्या हाताला काहीतरी चाळा हवा. म्हणून हे एक जास्तीचं बसवलं."

मी निखळलेलं बटण शर्टाला पुसू लागलो. काकांना दया आली असावी.

"आता उघडलीच आहे, तर देऊ का जोडून?" त्यांनी सोल्डरिंग गन उचलत विचारलं.

"नको नको, काका!" मी घाईघाईने म्हणालो. "इतका जमून आलेला आवाज बिघडेल. फक्त घट्ट बसवून द्या. सातवर."