एप्रिल वगळून

निवड समितीच्या अध्यक्षांनी सही करायला पेन उघडलं. “उत्तम पेपर आहे, भोईटे मॅडम. चारशे बारा सायटेशन्स! एवढ्या संशोधकांनी तुमचा दाखला दिलाय. प्राध्यापकपदाला तीनशे पुरतात.”

शेजारी बसलेले विभागप्रमुख गालातल्या गालात हसले. तिला दोनदा डावललं गेल्यावर तेच म्हणाले होते, “या वेळी आकड्याची काळजी सोडा, ती माझ्यावर.”

तिने पडद्यावरच्या सायटेशन्सच्या आलेखाकडे पाहिलं. सहा वर्षं जमिनीला चिकटून चाललेली रेघ गेल्या एप्रिलमध्ये एकदम ताडासारखी उभी राहिली होती. नेटवर्क सुरक्षेत तिची बारा वर्षं हेच हुडकण्यात गेली होती: एकाच ठिकाणाहून, वेगवेगळ्या नावांनी सोडलेली खोटी गर्दी.

पेन कागदाला टेकलं. आता नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी काहीच करायचं नव्हतं.

“थांबा, सर,” ती म्हणाली. “एप्रिल वगळून मोजा.”

विभागप्रमुखांचं हसू मावळलं. अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घालून बेरीज केली. “एकशे चार. मॅडम, हातातोंडाशी आलेलं पद जाईल. आणि हे दाखले खोटे आहेत, असं कशावरून म्हणता?”

अध्यक्षांच्या पुढ्यातच तिचा तो पेपर होता. कोरा करकरीत, एकही पान न उलटलेला. तिने तो उघडून त्यांच्यासमोर धरला.

“खोटी गर्दी कशी ओळखायची, तेच यात लिहिलंय, सर. आपण आत्ता उत्तम म्हणालात ना?”