घोड्याच्या घरातलं प्यादं

रेवदंड्याचे महादेव मास्तर बुद्धिबळाचा डाव झोकात सुरू करायचे आणि मधेच भरकटून हरायचे. मग मुंबईहून मागवलेल्या इंग्रजी पुस्तकात त्यांना इलाज सापडला. मधल्या डावात एकच बेत धरायचा आणि काही झालं तरी तो सोडायचा नाही.

त्या रविवारी विश्वंभरपंतांच्या ओटीवर त्यांनी एका प्याद्याचा ध्यास घेतला. त्याची वाट मोकळी करायला हत्ती घालवला, उंट घालवला, आणि दुपार कलता कलता ते पलीकडच्या शेवटच्या घरात नेऊन बसवलं.

"झाला बघा वजीर," मास्तर दमून म्हणाले.

"तो विलायती खेळात, मास्तर," पंत सुपारी कातरत म्हणाले. "आपल्याकडे घोड्याच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा घोडाच होतो."

मास्तरांनी पटावरून हात काढला आणि खिशातलं, काल आलेलं पत्र उगाच पुन्हा उघडलं.

"चिरंजीवांचं वाटतं," पंत म्हणाले. "मुंबईत वकिलीचं कुठवर आलं त्याच्या?"



"सोडली म्हणतो. तिकडेच एका शाळेत मास्तर म्हणून लागलाय."