लिंबाखालचा दगड

प्रियदर्शनी मॅडमनी पोरांना नदीतले दगड गोळा करायला लावले, गुळगुळीत कोणते अन् खरबरीत कोणते ते हाताळून ओळखायला शिकवलं, मग रंगवायला दिले. अर्पितानं आपला दगड शेंदरी रंगवला, शाळेमागच्या लिंबाखाली वाळत ठेवला आणि तिथंच विसरून घरी गेली.

सोमवारी मॅडम पाहतात तर दगडापुढं नारळ फुटलेला, उदबत्त्या लागलेल्या अन् अर्पिताची आजी सोनूबाई हात जोडून उभी.

"अहो आजी, हा दगड तर..."

"देव परगट झाला, मॅडम! तुमच्यासाठीच नवस बोलून राह्यले. लई जीव लावून शिकवता तुम्ही लेकरायला. म्हन्लं, देवा, आमच्या मॅडमची बदली कधीच होऊ देऊ नको."

जालन्यात सासूपाशी ठेवलेल्या लेकीसाठी मॅडम कितीक वर्षं बदली मागत होत्या. दुपारी फोन आला, यंदाही अर्ज नामंजूर.

शाळा सुटल्यावर मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं, लिंबाखाली चपला काढल्या आणि हात जोडले.

"सोनूबाईंनी एक नारळ फोडलाय ना," त्या हळूच म्हणाल्या, "मी पाच फोडते."