वरच्या वर्गातले मास्तर

"तुम्ही इतके प्रसिद्ध कसे झालात?" इंग्रजीच्या क्लासात जोडीला आलेल्या नर्सने इंग्रजीत विचारलं, आणि मास्तरांनी शिक्षणाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली.

त्यांचाही नाइलाज होता. मागच्या आठवड्याचा विषय शिक्षण. त्यावरची बारा वाक्यं त्यांनी घोकून ठेवली होती. या आठवड्यात सेलिब्रिटी निघाला. सरांनी जोड्या पाडल्या, एकाने सेलिब्रिटी व्हायचं आणि दुसऱ्याने त्याची मुलाखत घ्यायची. सेलिब्रिटी व्हायला मास्तरांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला होता.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे. सव्वीस वर्षं लोकांना गाडी शिकवत आलेले. इंग्रजीच्या प्रवेश चाचणीत त्यांनी देवाचं नाव घेऊन दिसेल त्या उत्तरावर खूण केली, आणि यादीत नाव थेट वरच्या वर्गात. तेव्हापासून स्वारी हवेत होती. बायकोने ही बातमी पार दूधवाल्यापर्यंत पोचवली. आता मागे फिरायची सोय उरली नव्हती. वर्गात विनोद झाला की ते इतरांच्या मागून हसत, आणि उशीर भरून काढायला जरा जास्तच हसत.

नर्सने त्यांच्या यशाचं रहस्य विचारलं. मास्तर म्हणाले, शाळा हा समाजाचा पाया आहे. हे त्यांचं सातवं वाक्य होतं. तिने वही मिटली आणि हळू आवाजात मराठीत म्हणाली,

"मास्तर, माझी परदेशातली नोकरी इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेवर आहे. एकदा नापास झालेय, आता महिना उरलाय. चुकीचं बोला, पण माझ्याशी बोला."

मास्तर कानकोंडे झाले. घसा खाकरून झाला, चष्मा पुसून झाला. मग हाताला लागतील ते इंग्रजी शब्द जोडत ते सांगू लागले. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. समोर म्हैस आली की शिकणारा डोळे मिटतो. गाडी थांबते. त्याला वाटतं, आपणच थांबवली. म्हैस हा शब्द न सुचल्यामुळे मास्तरांनी डोक्याला दोन शिंगं करून दाखवली. शेजारच्या दोन जोड्या मुलाखत सोडून बघत राहिल्या.

नर्सने विचारलं, ब्रेक तुम्ही दाबला हे त्याला सांगता का? मास्तर म्हणाले, कधीच नाही. सांगितलं तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही.

ती हसली. मग मास्तरांनी आयुष्यातला पहिला न घोकलेला इंग्रजी प्रश्न विचारला, तुम्ही परदेशात का चाललात? ती भराभर बोलायला लागली. मास्तरांनी हात वर केला. नाही समजलं. तिने तेच सोप्या शब्दांत सांगितलं. पुन्हा हात वर. पुन्हा आणखी सोपं. तास संपेपर्यंत मास्तरांचा हात बहुतेक वरच होता.

वर्ग रिकामा झाल्यावर ते सरांसमोर उभे राहिले आणि सगळं कबूल केलं. चाचणीत नशिबाने खुणा बरोबर आल्या, आपली लायकी पहिल्या वर्गाची आहे, उद्यापासून तिकडे बसवा. सरांनी रजिस्टर उघडलं. पन्नासपैकी नऊ मार्क.

"मग मला इथे का घेतलंत?"

"पहिला वर्ग भरला होता. वरचा कधीच भरत नाही."

मास्तरांना आधी दूधवाला आठवला. आता हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? सर म्हणाले, कालच तिकडे एक जागा झाली आहे, खुशाल जा. पण नर्सबाई आत्ताच येऊन सांगून गेल्या, परीक्षा होईपर्यंत जोडीला मास्तरच हवेत.

मास्तरांना वाटलं, सर चेष्टा करताहेत. त्यांनी विचारलं, इतके हुशार लोक असताना मीच का?

"घाबरलेल्या पेशंटला कळेल असं इंग्रजी बोलता येत नाही, म्हणून नापास झाली होती ती," सर म्हणाले. "आता तुम्हाला कळेल असं बोलता आलं, तर तिला जगात कुणाशीही बोलता येईल."