आडपट्टी सूतभर बाहेर

“सूतभर बाहेर आहे अजून,” सासरे म्हणाले आणि त्यांनी दोन्ही क्लॅम्प पुन्हा सैल केले.

सून कपाटाच्या दाराला सँडपेपर मारत होती. मान वर न करता तिने “असं का?” एवढंच म्हटलं. आवाजात काळजी आणली खरी, पण मनातून हायसं वाटलं. चला, आजचा दिवस तर निघाला.

गोष्ट तशी एवढीशी होती. वर्कशॉप तिच्या नवऱ्याचं. तो गेला तेव्हा राउटरचं, म्हणजे लाकडाला खाचा पाडायच्या यंत्राचं टेबल अर्धवट राहिलं होतं. वर गुळगुळीत फळी, मधल्या भोकातून डोकं काढणारं राउटरचं पातं, आणि लाकूड टेकवून सरकवायला आडपट्टीच नाही. विकतची आणावी तर या टेबलाला बसेना. सासरे चार दिवस म्हणून आले होते. टेबल बघून म्हणाले, “एवढी आडपट्टी करून देतो आणि जातो. मुलगाच नाही, तर मी कशाला तुझ्या उरावर बसू?”

तिने तेव्हाच म्हणायला हवं होतं की बाबा, जाऊ नका. पण सासरे पडले मानी आणि ही पडली भिडस्त. राहा म्हणावं तर त्यांना वाटायचं, सून कीव करते. आणि जाऊन जाणार कुठे? दुसऱ्या गावातल्या त्या एका खोलीत. तिथे बोलणार कुणाशी, भिंतीशी?

आडपट्टी मात्र झकास झाली. प्लायवूडच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवल्या, मागून तिकोनी आधार दिले. पात्यासाठी मधोमध अर्धगोल खाच कापली, भुसा ओढायच्या पाइपला भोक ठेवलं. काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला तर उजेडाची रेघसुद्धा दिसेना. आता टेबलावर आवळली की झालं. पण नेमकं तिथेच घोडं अडलं.

सासऱ्यांचा जन्म लाकडाच्या वखारीत, मोठ्या करवतीवर गेलेला. करवतीची आडपट्टी पात्याला समांतरच लागते. जरा तिरकी झाली की लाकूड अडकतं आणि उलटं अंगावर येतं. म्हणून त्यांनी या आडपट्टीचंही अंतर टेबलाच्या कडेपासून दोन्ही टोकांना मोजायला घेतलं. या टोकाला बरोबर, तर त्या टोकाला सूतभर जास्त.

आता राउटरला याची काही गरज नसते. त्याचं पातं पेन्सिलीसारखं उभं आणि गोल, सगळ्या बाजूंनी सारखंच कापणारं. आडपट्टी स्वतः सरळ असली की टेबलावर ती कितीही तिरकी बसू दे, पात्यापासूनचं अंतर तेवढं बघायचं. सुनेला हे पक्कं ठाऊक होतं. तोंड उघडलं असतं तर काम तिथेच संपलं असतं, आणि सासऱ्यांनी बॅग भरायला घेतली असती. तिने तोंड उघडलं नाही. उलट संध्याकाळी वर्कशॉप बंद करताना ती लाकडी हातोड्याने आडपट्टीला हळूच एक टोला द्यायची.

सकाळी सासरे टेप लावायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि म्हणायचे, “रात्रीतून लाकूड हललं बघ.”

“हवाच तशी आहे,” ती म्हणायची.

मग चहा व्हायचा. चहाबरोबर मुलाच्या गोष्टी निघायच्या. त्याने शाळेत असताना बनवलेलं स्टूल, त्यावर हौसेने बसलेली आत्या, आणि मग आत्याचं काय झालं ते. हसता हसता दोघांच्याही डोळ्यांना पाणी यायचं. दोघंही म्हणायची, भुसा गेला.

आणि एका दुपारी पॉलिशवाला कपाटाची दारं न्यायला आला. माणूस चांगला, पण जिभेला हाड नाही. सासऱ्यांना टेप घेऊन वाकलेलं पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला.

“अहो काका, हे काय चाललंय? राउटरला कसलं आलंय समांतर? पातं गोल आहे! एक टोक आवळा, दुसरं सरकवा, अंतर जमलं की लागा कामाला. वहिनी, तुम्ही सांगितलं नाहीत होय यांना?”

दारं खांद्यावर घेऊन तो गेलासुद्धा. असल्या माणसांना आपण काय करून बसलो याचा पत्ताही नसतो.

सासऱ्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकली. एक क्लॅम्प आवळला, मग दुसरा. “झालं की मग,” ते म्हणाले.

आता गप्प राहिलं तर उद्या वर्कशॉपात आपण एकट्याच, हे तिला लख्ख दिसलं.

“मला माहीत होतं, बाबा.” एकदा तोंडातून सुटलं ते सुटलंच. “पहिल्या दिवसापासून माहीत होतं. संध्याकाळी मीच ठोकायचे तिला. तुम्ही जाऊ नये म्हणून. तुम्ही गेलात तर त्याच्याबद्दल मी बोलू कुणाशी? रागवा हवं तर, पण जाऊ नका.”

सासरे आडपट्टीवरून हात फिरवत राहिले.

“लाकडात जन्म गेला माझा,” शेवटी ते म्हणाले. “गोल पात्याला समांतर लागत नाही, एवढं कळत नाही होय मला?”

ती बघतच राहिली. “मग रोज सकाळी ते टेप लावणं, आठ्या घालणं...”

“आणि वेडे, रोज तूच ठोकत होतीस असं वाटतं का तुला? तू विसरायचीस, त्या दिवशी तू उठायच्या आधी येऊन मी ठोकायचो.”